कान उसने घ्या

पत्र:

स. न. वि. वि.

वय ४३. राहायला वारज्यात, नोकरी हिंजवडीत. वडिलांचं बोट धरून सवाईला जायचो, त्यामुळे घरात शास्त्रीयच. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका सिनियरने क्राफ्टवेर्क हा जर्मन बँड ऐकवला आणि तेव्हापासून हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण मागे लागलं. मधली बरीच वर्षं संसारात गेली. आता कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तास-तास मिळतो, पण ॲप तीच ती 'चिल' यादी फिरवून फिरवून वाजवतं. जॉन हॉपकिन्स आणि फोर टेट तेवढे आवडले, बाकी सगळं एकाच माणसाने केल्यासारखं वाटतं. ऑफिसातली पोरं म्हणतात, 'सर, ईडीएम ऐका', म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक. ऐकलं, तर विसर्जनाची आठवण झाली. घरी फोनवर लावलं की बायको विचारते, 'हे काय टुकटुक लावलंय?' नवे कलाकार, नवे अल्बम शोधतात कसे? की या वयात नवं आवडणं बंदच होतं? आणि कोरेगाव पार्कात रात्रीचे कार्यक्रम होतात म्हणे. तिथे मी गेलो तर हसं होईल का?

– ठेका हरवलेला, वारजे

उत्तर:

वयाचं आधी उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. त्रेचाळिशीत कान बंद पडत नाहीत. फक्त या वयाला येईपर्यंत आपल्याला कुणी काही ऐकवायचं थांबलेलं असतं. हॉस्टेलवर खोलीत घुसून 'हे ऐक रे' म्हणणारा एक सिनियर होता. त्याने पुष्कळ काय काय ऐकवलं असेल, त्यातलं क्राफ्टवेर्क तुम्हाला चिकटलं आणि बाकीचं तुम्ही विसरलात. आता त्याच्या जागी ॲप बसलं आहे, आणि तुमचा कान तयार व्हावा अशी त्याची काडीचीही इच्छा नाही. तुम्ही बंद करू नये, एवढंच त्याला हवं.

सगळं एकसारखं वाटतं, कारण तुम्हाला वाढलं जातंय तेच एकसारखं. ॲप मुख्यतः दोन गोष्टी बघतं: तुमच्यासारखं ऐकणारे आणखी काय ऐकतात, आणि तुम्ही कुठे कंटाळून पुढे सरकलात. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. ज्या ट्रॅकमध्ये पहिली दोन मिनिटं एकच सूर हलत राहतो आणि मग कुठे खालून ठेका उगवतो, तो ट्रॅक या हिशेबात टिकायचा कसा? टिकतं ते पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर वाहणारं. त्यात तुम्ही काम करताना ते मागे लावून ठेवत असणार, सगळेच ठेवतात. म्हणजे ॲपच्या दृष्टीने तुम्ही या यादीवर खूष आहात.

ॲप काढून टाका असं मी म्हणत नाही. नाव तुम्ही सांगायचं आणि त्याने वाजवायचं, एवढाच व्यवहार त्याच्याशी ठेवा. काय ऐकू, हे विचारायला माणसं शोधा.

पुण्यात शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी हेच केलं. कर्वे रस्त्यावर अलूरकरांचं दुकान होतं तेव्हा लोक नुसती कॅसेट घ्यायला जात नसत. अमुक बुवांचा हा राग आवडला, आता काय ऐकू, असं विचारायला जात. ज्याने आपल्यापेक्षा जास्त ऐकलंय त्याचे कान थोडे दिवस उसने घ्यायचे, मग हळूहळू आपले तयार होतात. इलेक्ट्रॉनिक संगीतात असे कान आजही मुबलक आहेत. फक्त ते यादीच्या मागे लपलेले असतात आणि थोडं खणावं लागतं.

तुमच्या हातात दोन नावं आहेत, तेवढी पुरेत. फोर टेटपासूनच निघू.

फोर टेट म्हणजे लंडनचा किएरन हेब्डन, आईकडून भारतीय वंशाचा. त्याचा २०१५ चा 'मॉर्निंग/ईव्हनिंग' ऐकला नसेल तर आधी तो ऐका. दोनच ट्रॅक, प्रत्येकी वीसेक मिनिटांचे. सकाळच्या बाजूला ठेका रुळला की वरून लताबाईंचा आवाज येतो, 'सौतन'मधलं 'मैं तेरी छोटी बहना हूँ', उषा खन्नांची चाल. आपल्याकडे लग्नात वाजतात तसलं रिमिक्स डोळ्यांपुढे आणू नका. हेब्डनने त्या आवाजाचा तुकडा उचलून असा सोडून दिलाय की गाणं पुढे सरकतच नाही, जागेवर फिरत राहतं आणि भोवतालचं सगळं बदलत जातं. विलंबित ख्यालात मुखडा पुन्हा पुन्हा येऊनही ज्याला कंटाळा येत नाही, त्याला हे लगेच कळतं. वडिलांनी सवाईला बसवून तुमच्याकडून हीच तयारी करून घेतली आहे.

आता पुढचा प्रश्न असा विचारायचा: हा माणूस कुणाबरोबर बसतो-उठतो?

एक मित्र बेरिअल. दोघे लंडनच्या एकाच शाळेतले, आणि २००९ मध्ये दोघांनी मिळून एक रेकॉर्डही काढली. बेरिअलचा 'अनट्रू' हा २००७ चा अल्बम हायपरडब या लेबलवर आहे (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी). त्याने तो साउंड फोर्ज नावाच्या साध्या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरवर केला, ठेका चौकटीत बसवून देणारा सिक्वेन्सर न वापरता. त्यामुळे त्याचे ताल किंचित लंगडतात, आणि त्या लंगडण्यातच त्याची सगळी मजा आहे. मागे पावसासारखी खरखर, तोडलेले-ताणलेले आवाज, आणि खाली खोल बास. जुलैत चांदणी चौकात बस तुंबलेली असताना याच्याइतकं चपखल दुसरं मला तरी माहीत नाही.

हायपरडब हे कोड-नाइन या डीजेने चालवलेलं लेबल. त्याच्या यादीत शिरलात की शिकागोच्या डीजे रशादचा 'डबल कप' (२०१३) सापडेल. मिनिटाला १६० ठोक्यांची लय, फुटवर्क म्हणतात त्या नाचाची. तिथून एक उडी मारली की जेलिन. ही बाई इंडियाना राज्यातल्या गॅरी गावात पोलाद कारखान्यात नोकरी करता करता संगीत करत होती. तिचा 'ब्लॅक ओरिगामी' (२०१७) तबल्याचे कायदे-रेले कानात असलेल्या माणसाने ऐकावाच. पहिल्यांदा डोकं गरगरेल. सम कुठे आहे ते शोधत बसू नका, दुसऱ्या वेळी आपोआप सापडते.

दुसरा मित्र फ्लोटिंग पॉइंट्स. लंडनमध्ये प्लास्टिक पीपल नावाचा एक छोटा, अंधारा क्लब होता. तो २०१५ च्या जानेवारीत बंद झाला, तेव्हा शेवटच्या रात्री वाजवायला फोर टेट आणि हाच होता. याने २०२१ मध्ये जॅझचे बुजुर्ग सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांच्याबरोबर 'प्रॉमिसेस' केला. सुरांची एक इवलीशी आकृती, तीच ती, पाऊण तास. त्यावर सँडर्सचा सॅक्सोफोन. तेव्हा सँडर्स ऐंशीचे होते, आणि मधेच ते वाद्य बाजूला ठेवून नुसत्या गळ्याने काहीतरी पुटपुटतात. हा अल्बम बसमध्ये ऐकू नका, वाया जाईल. रात्री घरातली निजानीज झाल्यावर ऐका.

'प्रॉमिसेस' निघाला लुआका बॉप या लेबलवर. आता या लेबलचं दुसरं काय काय आहे ते बघायचं. बघितलंत की ॲलिस कोल्ट्रेन भेटते. जॉन कोल्ट्रेनची पत्नी आणि स्वतः मोठी हार्पवादक. तिने कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथे भजनं गायली. आपली संस्कृत भजनं, टाळ्या, सामूहिक गाणं, आणि सोबतीला वरपासून खालपर्यंत घसरत येणारा सिंथेसायझर. आश्रमातल्या मंडळींसाठी काढलेल्या त्या कॅसेट्समधलं निवडक संगीत लुआका बॉपने २०१७ मध्ये अल्बम म्हणून आणलं. माझ्या ओळखीत इलेक्ट्रॉनिक म्हटलं की नाक मुरडणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. त्यांनासुद्धा हे लावून दिलं की ती गप्प बसून ऐकतात.

बघा, फोर टेटवरून निघालो आणि चार पावलांत भजनाला येऊन बसलो. कुठलंही ॲप या वाटेने तुम्हाला नेणार नाही, कारण या चार जणांचं संगीत एकमेकांसारखं नाहीच. त्यांना जोडतात ती माणसं.

हॉपकिन्सची वाट थोडक्यात सांगतो. त्याने ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराबरोबर २०१० मध्ये एक अल्बम केला, तो वॉर्प लेबलवर आहे. वॉर्प म्हणजे शेफील्डमधलं १९८९ चं लेबल. त्यांनी १९९२ मध्ये 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' नावाचा संग्रह काढला (तेव्हा या शब्दाची एवढी दहशत नव्हती). वेष्टनावर आरामखुर्चीत रेललेला एक यंत्रमानव आणि जमिनीवर पडलेली पिंक फ्लॉइडची, क्राफ्टवेर्कची रेकॉर्ड. म्हणणं एवढंच की हे संगीत नाचायला नाही, घरी बसून ऐकायला आहे. तुम्ही नेमके त्या खुर्चीतले गिऱ्हाईक आहात. एफेक्स ट्विन, ऑटेकर, सगळे तिथे टोपणनावांनी किंवा खऱ्या नावांनी आहेत. त्यातून एफेक्स ट्विनचा 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५-९२' आणि पुढे स्कॉटलंडच्या बोर्ड्स ऑफ कॅनडाचा १९९८ चा 'म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन' घ्या. ऑटेकर वर्षभर तरी लांब ठेवा. ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) सगळे सुचवतात. मोठा अल्बम आहे, पण तुम्ही 'चिल' यादीला कंटाळून आलात. आज तो ऐकलात तर त्या यादीचाच आजोबा वाटेल, आणि ते त्याच्यावर अन्याय होईल. नंतर ऐका.

लेबलला आपलं घराणं म्हणायचा मोह होतो. सुरुवातीला म्हणायला हरकत नाही, पण वॉर्पसारखी लेबलं मोठी झाल्यावर सगळ्या तऱ्हेचं काढू लागतात आणि घराण्याची ओळख राहत नाही. एका-दोघांनी आपल्या आवडीने चालवलेली लहान लेबलं जास्त उपयोगी. त्यांचं एक आवडलं तर पुढचं आवडायची शक्यता बरीच.

आता हे खणायचं कुठे. डिस्कॉग्स नावाची एक साइट आहे, २००० साली निव्वळ इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड्सची नोंद ठेवायला सुरू झालेली. कुठल्याही अल्बमच्या पानावर लेबल, वादक, मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) कुणी केलं, सगळं मिळतं, आणि प्रत्येक नावावर टिचकी मारून पुढे जाता येतं. आपण कॅसेटच्या वेष्टनावर साथीला कोण आहे ते वाचायचो, तसंच. दुसरी जागा बॅन्डकॅम्प. इथे कलाकार स्वतः संगीत विकतात आणि पैशाचा बराचसा भाग त्यांच्याच हातात पडतो. पण मला आवडते ती तिथली वेगळीच सोय. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची चिमुकली चित्रं असतात. एखाद्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या अल्बमच्या पानावर जा आणि त्यातल्या एखाद्या चित्रावर टिचकी मारा. त्या माणसाने आजवर विकत घेतलेलं सगळं समोर येतं. फुकट ऐकलेलं नाही, पदरचे पैसे मोडून घेतलेलं. तो ओस्लोत असेल नाहीतर ओसाकात, तुमचा नवा सिनियर तो. दोन-तीन असे हेरून ठेवा आणि अधूनमधून डोकावत जा.

विकत घ्यायचं तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्यावे लागतात, बँकेच्या ॲपमध्येच ती सोय असते. काही अल्बमांना 'वाटेल ती किंमत' असते. ठरावीक शुक्रवारी बॅन्डकॅम्प स्वतःचा हिस्सा घेत नाही, ही प्रथा २०२० च्या कोविडकाळात सुरू झाली. तेव्हा खरेदी केली तर कलाकाराला जास्त मिळतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारून रेकॉर्ड शोधायची हौस असेल तर जरूर मारा, पण तिथे या प्रकारातलं काही मिळेल या आशेवर जाऊ नका.

रेडिओ विसरू नका. मी आकाशवाणीवर वाढलेला माणूस, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. लंडनचं एनटीएस हे २०११ पासूनचं इंटरनेट रेडिओ केंद्र फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि बहुतेक कार्यक्रमांखाली काय काय वाजलं त्याची यादी असते. निवेदक दर महिन्याला स्वतःच्या संग्रहातलं वाजवतात. एखादा आवडला की त्याचे मागचे सगळे भाग ऐकता येतात. सॅन फ्रान्सिस्कोचं सोमा-एफएम याहून साधं. त्यावरचं 'ग्रूव्ह सॅलड' चालू करून स्वयंपाकघरात कामं करावीत. दिल्लीचं बॉक्सआउट-एफएम २०१७ मध्ये सुरू झालं. आपल्याकडचे तरुण निर्माते-डीजे ऐकायचे असतील तर त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण चाळा.

एक पथ्य मात्र पाळा. आठवड्याला एकच नवा अल्बम, आणि तो पूर्ण, लावलेल्या क्रमाने, निदान तीनदा. वारज्यापासून हिंजवडीच्या तिसऱ्या फेजपर्यंत एक अल्बम आरामात बसतो. पहिल्या वेळी नाही आवडला तर मत देऊ नका. तिसऱ्या वेळीही नाही आवडला तर बिनदिक्कत सोडा, कितीही थोर असला तरी. रोज पंधरा नावं चाखून बघणारी माणसं मी पुष्कळ बघतो. महिन्याने त्यांना एकही आठवत नाही.

आता तुमच्या सवाईकडे येऊ. 'राग आणि बीट' असं लिहिलेलं जे जे दिसेल त्याच्यापासून जपून राहा. त्यातलं बरंचसं म्हणजे खाली तबल्याचा एक तुकडा, मध्ये गुळगुळीत सूर आणि वर कुणाचीतरी सतार. दोन्हीकडचं सोपं तेवढं उचललेलं. शास्त्रीय ऐकणाऱ्याला लोक हेच सुचवतात आणि तो दोन दिवसांत पळून जातो.

खरा धागा वेगळा आहे, आणि तो किराणा घराण्यातूनच जातो. उस्ताद अब्दुल वहीद खानांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेला गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे तिकडचे दोन नव्या वाटेचे संगीतकार त्यांचे शिष्य झाले, अगदी आपल्या पद्धतीने गुरुसेवा करत. एकच सूर तासन्‌तास लावून त्याच्या आत काय काय ऐकू येतं ते बघायचं, ही किराण्याची ओढ त्यांनी यंत्रांवर नेली. रायलीचा 'श्री कॅमल' (१९८०) ऐका. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, पण पेटीसारखी सगळी अंतरं समान करून घेतलेलं नाही. शुद्ध स्वरांतरांत मिळवून घेतलेलं. पेटीच्या गंधाराबद्दल कुरकुरणाऱ्या तुमच्या वडिलांनाही हे पटेल. (जाता जाता: द हू या इंग्लिश बँडच्या १९७१ च्या 'बाबा ओ'रायली'त 'रायली' म्हणजे हाच टेरी रायली, आणि 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले. सुरुवातीला गरगरत येतं ते ऑर्गन रायलीच्याच धाटणीचं.)

त्याच सुमारास, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर येऊन दाखल झाला होता. गीता साराभाईंचा त्यात पुढाकार, आणि तो लावून द्यायला न्यूयॉर्कहून संगीतकार डेव्हिड ट्यूडर आले. तिथे काम केलेल्या भारतीय संगीतकारांच्या टेप्स वर्षानुवर्षं पडून राहिल्या. 'द एनआयडी टेप्स' या नावाने त्या २०२३ मध्ये बाहेर आल्या. सगळं काही रंजक नाही. काही तुकडे म्हणजे नव्या यंत्राची नुसती बटणं दाबून बघणं आहे. पण एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांचे तुकडे ऐकताना, हे साठ-सत्तरच्या अहमदाबादेत झालं यावर विश्वास बसत नाही.

चरणजित सिंग हे नाव कदाचित तुमच्या कानावर आलं असेल. मुंबईत फिल्मी वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं. त्यांवर भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याच टीबी-३०३ च्या गुंड्या पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' केला आणि ॲसिड हाउस नावाचा क्लबात नाचायच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. मग २०१० मध्ये एका डच लेबलने चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झालं. ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. मला ते ताणल्यासारखं वाटतं. एकच यंत्र दोन गावांत दोघांच्या हाती लागलं आणि दोघांनाही त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची खुबी सापडली. चरणजितजींनी ती मींडेसाठी वापरली, हे शिकागोवाल्यांना सुचण्यासारखं नव्हतं, आणि माझ्या लेखी तेवढं पुरेसं मोठं आहे. अख्खी रेकॉर्ड सलग मात्र जड जाते, ठेका सगळीकडे एकच. ललत आणि भैरव आधी ऐका.

आजच्यांपैकी आरुषी जैन. हिंदुस्थानी गायन शिकलेली, तारांच्या जंजाळाचा मॉड्युलर सिंथेसायझर वाजवणारी. 'अंडर द लायलॅक स्काय' (२०२१) तिने सूर्यास्ताच्या वेळेसाठी केलाय आणि 'डिलाइट' (२०२४) बागेश्रीवर आहे. बागेश्री कुठे आहे, असं तुम्ही पहिल्यांदा ऐकल्यावर विचाराल. कान देऊन बसलात की कोमल गंधार स्वतःहून भेटायला येतो. आपल्या पुण्यातच वाढलेला रित्विजही शास्त्रीय शिकलेला. त्याचं २०१७ चं 'उड गए' तुमच्या ऑफिसातल्या पोरांना पाठ असेल. त्यांच्याशी बोलायला विषय हवा तर ते ऐकून ठेवा.

त्या पोरांच्या ईडीएमबद्दल फार बोलत नाही. ते हजारो लोकांनी एकाच क्षणी उडी मारावी म्हणून केलेलं संगीत आहे आणि बसमध्ये एकट्याने ऐकायला ते फसतं. विसर्जनाची आठवण झाली यात तुमचं काही चुकलं नाही, दोन्हीकडे कारागिरी एकच: छातीत वाजणारा बास.

आणि त्याच बासमुळे घरी टुकटुक होतेय. तुमच्या पत्नीचं अगदी बरोबर आहे. फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं धडपणे काही येत नाही, आणि या संगीताचा पाया चाळीस ते शंभर हर्ट्झमध्ये असतो. पाया गळला की वर उरते ती हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांची, टुकटुक. कुणालाही नकोच वाटेल. घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टीमला एक ऑक्स केबल जोडा आणि स्पीकर भिंतीच्या जरा जवळ सरकवा, बास भरतो. पहिल्यांदा 'मॉर्निंग/ईव्हनिंग' लावा आणि काही सांगू नका. लताबाई आपलं काम करतील. बसमध्ये रबरी टोपीचे कानात घट्ट बसणारे हेडफोन वापरा. इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवायची गरज मग पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला चाळीस तास, तीही ८० डेसिबलपर्यंत.

राहिलं कोरेगाव पार्क. अवश्य जा. एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला, सनबर्न हा ईडीएमचा महोत्सवही २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षं गोव्याहून इथे येऊन गेला. म्हणजे शहराला हे नवीन नाही, आणि तेव्हा विशीत असलेले तुमच्या आसपासच्या वयाला पोचत आलेत. मोठ्या मैदानापेक्षा कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर इथल्या छोट्या जागा बऱ्या. जाण्याआधी वाजवणाऱ्याचं नाव बॅन्डकॅम्पवर नाहीतर साउंडक्लाउडवर टाकून अर्धा तास ऐका. नावच जाहीर केलं नसेल, नुसतंच 'टेक्नो नाइट' लिहिलं असेल, तर पैसे वाचवा. तिथे कुणी तुमच्याकडे बघणार नाही, सगळे अंधारात स्वतःच्याच नादात असतात. नाचलं पाहिजे असंही नाही. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभे राहा. तो आवाज तिथूनच जुळवत असतो, त्यामुळे सगळ्यात नीट तिथेच ऐकू येतं. कानात बोळे घाला. मेडिकलमध्ये मिळतात ते फोमचे चालतात, पण त्यांनी वरचे सूर मरतात. संगीतासाठीचे, फिल्टर असलेले ऑनलाइन मिळतात, ते घ्या. उघड्यावरच्या कार्यक्रमांचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, बंदिस्त जागेत मात्र मुख्य कलाकार बऱ्याचदा अकराच्या पुढेच उभा राहतो. तेव्हा सकाळची बस असेल तर गुरुवार टाळा आणि शनिवार धरा.